पारव्याचं दावं

महाड, ता. २ फेब्रुवारी १९३४

तीर्थस्वरूप आवडीआक्कास मुरारीचा नमस्कार.

गावच्या मोरूने तुझा निरोप सांगितला. शिमग्याला, निदान पालखीच्या दिवशी तरी ये, असे तू म्हणालीस. आक्का, यंदा माझे येणे होणार नाही. पांजरपोळ सोडून एक दिवसही हलता येत नाही. बावीस जनावरांची जागा, आणि आज सत्तेचाळीस बांधलेली आहेत. वैरण पुरवणारी महाडची व्यापारी मंडळी चांगली आहेत. सकाळी येतात, एखाद्या गाईच्या पाठीवर हात फिरवतात आणि दुकाने उघडायला जातात. मग उरलेला दिवस माझा.

घाटातल्या गाड्यांचे बैल तू पाहिले आहेस. मोटारलॉऱ्या सुरू झाल्यापासून गाडीवाल्यांना भाडे मिळेना, म्हणून ते दोन खेपांचा माल एका खेपेत भरतात. खांदे सोललेले, शेपट्या पिरगळून मोडलेल्या. बैल बसला की तिथेच सोडतात, आणि कोणी दयाळू माणूस त्याला माझ्या दारात आणून घालतो. पुष्कळ वाचतात असे लिहिले असते तर तुला बरे वाटले असते. पुष्कळ वाचत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी इथे लागलो तेव्हा मी प्रत्येकाला नाव ठेवत असे. तुला ते ऐकून हसू आले होते. आता ठेवत नाही. नाव ठेवलेले जनावर सकाळी आडवे दिसले की त्या दिवशी घास उतरत नाही. नाव नसले की उतरतो. एवढाच फरक, पण मला तो लागतो.

लोक दार ढकलून जनावर आत सोडतात आणि पसार होतात, म्हणून दाराला आतून लोखंडी कडी बसवून घेतली आहे. दुपारी जेवल्यावर दोन तास ती लावून घेतो. तेवढा वेळ मला कोणाचे तोंड बघवत नाही, माणसाचे नाही आणि जनावराचेही नाही.

हे पत्र सोनबाकाका वाचून दाखवतील तेव्हा पडवीत आणखी कोण कोण बसले असेल कोण जाणे, म्हणून जास्त लिहीत नाही. दाजींचे मुंबईहून पत्र आले का? आपल्या पारव्या बैलाला माझ्या वाटची भाकरी घाल.

तुझा
मुरारी


कुडपण, ता. २४ फेब्रुवारी १९३४

चिरंजीव मुरारीस सोनबाचा आशीर्वाद. आवडी सांगते तसे लिहितो. तिच्या शब्दांना मी हात लावत नाही.

मुरारी, तुझं पत्र ऐकलं. तुझं जेवण नीट नाय, ते मला कळलं. पडवीत रंगूबाई बसली व्हती, तिला पण कळलं. आपल्या माणसांनी ऐकलं तर काय बिघडतं रे? तू लहान असताना तुझं नाक पण या पडवीतल्या बायांनीच पुसलंय.

आता माझं ऐक. पारव्याचा खांदा आला. खालच्या वाडीत त्याला चार दिवस नांगराला दिला व्हता, त्यांनी जू नीट बसवलं नाय. गळू फुटलं आणि किडे पडले. मी हळद भरली, सीताफळीचा पाला वाटून लावला, पण गुण येईना. इथं जनावराचं कळणारा एकच माणूस. तो समोर बसून हे लिहितोय, पण गोठ्याच्या उंबऱ्याला पाय लावत नाय. बसऱ्याच्या लढाईवरून आला तसा हा असाच. लिही रे सोनबा, ते पण लिही.

म्हणून तुला न विचारता पारव्याला तुझ्याकडं धाडला. पांडूसंगं धाडला. पांडू म्हणजे रंगूबाईचा नवा जावई, इथंच राहायला आलाय, तू त्याला पाह्यलेला नाय. घरजावई म्हणून खाली मान घालून बोलतो. पोराच्या मनात काय हाय ते कळत नाय.

पारव्याच्या गळ्यात मी वळलेलं वाखाचं दावं हाय. तुला सांगायला नको, जनावर विकलं नायतर देऊन टाकलं तर आपण दावं सोडून घेतो. मी घेतलं नाय. म्हंजे पारवा तुला दिलेला नाय, बरा होऊन माघारी यायचा हाय. देवाच्या मनात तसं नसलं तर दावं तेवढं माघारी धाड.

तर तो पोचला का? पांडू तुझ्या दारात आला का, काय बोलला, काय झालं, समदं लिही.

आवडी


महाड, ता. ३ मार्च १९३४

तीर्थस्वरूप आक्कास नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पारवा पोचला. काळजी करू नकोस.

खांदा वाईट होता, पण मी तो धुऊन तारपीन भरले आहे. किडे पडून गेले. वैरण खातो. त्याला कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीला बांधला आहे. दावे गळ्यातच आहे.

पांडू आला त्या दिवशी इथे फार गडबड होती, म्हणून त्याच्याशी नीट बोलता आले नाही. त्याला पाणीही विचारले नाही. ते माझ्या मनाला लागून आहे. पांडू घरी कोणत्या दिवशी पोचला आणि वाटेत कुठे थांबला होता का, ते कळव. त्याचे बिरवाडीला किंवा पोलादपूरला कोणी सोयरे आहेत का, तेही कळव. सहज विचारतो.

गेले चार दिवस मीही बाहेरच होतो. वैरणीच्या कामाने बिरवाडीला गेलो, नदीकाठाने फिरलो. त्यामुळे पत्र थोडक्यात लिहितो.

मुरारी


कुडपण, ता. १७ मार्च १९३४

चिरंजीव मुरारीस आशीर्वाद. आवडी सांगते ते असे. सोनबा.

मुरारी, पांडू घरी सुखरूप हाय. वाटेत कुठं थांबला नाय. त्याचे सोयरे बिरवाडीलाही नायत आणि पोलादपूरलाही नायत.

पारवा पोचला म्हणून लिहिलंस ते ऐकलं. दोनदा वाचायला लावलं.

मला एक सांग, त्यानं तुला ओळखलं का? तू पुढं झालास तेव्हा त्यानं काय केलं? तुझा हात चाटला का? तो तुझ्याच हातचा हाय. त्याच्या आईला दूध नव्हतं तेव्हा तू वेळूच्या नळीनं त्याला पेज पाजलीस.

परवा एक आठवण झाली. तू अकरा वर्षांचा असशील. पारवा वासरू व्हता. तू त्याला चरायला नेलास आणि करवंदं खात बसलास. वासरू दिसंना, तसा रडत घरी आलास आणि वाघानं नेलं म्हणालास. वाघ केवढा व्हता, त्याचं शेपूट कसं व्हतं, वासरानं कशी हाक मारली, समदं सांगितलंस. मी ऐकून घेतलं. तुला जेवायला वाढलं. मग हाताला धरून गोठ्यात नेलं, तर वासरू तुझ्या आधी येऊन आईपाशी बसलेलं. तू तेव्हा जो रडलास तो खरा रडलास.

मी तेव्हा तुला मारलं नाय. आतापण तुला काय सांगायचं असलं तर सांग. मला राग येत नाय. उशीर झाला तर येतो.

आवडी


महाड, ता. १ एप्रिल १९३४

तीर्थस्वरूप आवडीआक्कास मुरारीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आक्का, हे पत्र बसून ऐक. सोनबाकाकांनी सावकाश वाचावे.

पारवा गेला.

सोमवारपर्यंत तो चांगला खात होता. मंगळवारी त्याने वैरणीला तोंड लावले नाही. मी भाकरी कुस्करून गुळाच्या पाण्यात दिली, ती त्याने हुंगली आणि मान फिरवली. अंगात ताप होता. दवाखान्यातून गुरांचे डॉक्टर येऊन गेले. खांद्याचे विष रक्तात उतरले, असे म्हणाले. मी त्याच्यापाशी बसून राहिलो. डोळ्यांवर माशा बसत होत्या, त्या हाकलत होतो. बुधवारी सकाळी त्याने एकदा मान उचलून घाटाच्या बाजूला पाहिले. मग माझ्या मांडीवर डोके ठेवले. माझ्या हातचे दोन घोट पाणी प्यायला आणि उन्हे अंगणात यायच्या आत गेला.

तू विचारले होतेस. हो, त्याने मला ओळखले होते. पहिल्याच दिवशी माझा हात चाटला.

नदीच्या वर, करंजाच्या झाडाखाली त्याला पुरला. इथे सगळ्यांना असे पुरता येत नाही, पण तो माझा होता. वाघाची गोष्ट तू आठवणीने लिहिलीस, ती वाचून मला फार वाईट वाटले. तेव्हा वासरू परत आले होते. दर वेळी तसे होत नाही.

दावे मोरूच्या हाती पाठवत आहे. तू सांगितले होतेस तसे. ते बघून फार रडू नकोस. त्याला कोणाचा राग नव्हता.

तुझा
मुरारी


कुडपण, ता. १२ एप्रिल १९३४

चिरंजीव मुरारीस सोनबाचा आशीर्वाद.

हे पत्र माझे आहे. मी लिहितो आहे हे आवडीला ठाऊक आहे, पण ती सांगायला बसली नाही.

पारवा जिवंत आहे. तुझे पत्र मी पडवीत वाचत होतो तेव्हा तो माझ्या पाठीमागे, कुडाच्या पलीकडे रवंथ करत होता. तू त्याच्या डोळ्यांवरच्या माशा हाकलल्यास ती ओळ आली, तेव्हा तो आपल्या शेपटीने माशा हाकलत होता. रंगूबाईला हसू फुटले. मग तिने आवडीकडे पाहिले आणि पदर तोंडात धरला. मी थांबलो. आवडी म्हणाली, "पुढं वाच. नीट वाच. त्यानं मेहनतीनं लिहिलंय."

मी शेवटपर्यंत वाचले. इतके कठीण वाचन मी आयुष्यात केलेले नाही.

आता झाले काय ते ऐक. पांडू बैल घेऊन गेला आणि पाचव्या दिवशी बैल घेऊनच परत आला. म्हणाला, दार लावलेले होते, आतून एक माणूस बोलला की मुरारी गावाला गेलाय आणि जागा नाही. आवडीने ते खरे मानले नाही. माझा भाऊ दारातून जनावर परत धाडायचा नाही, हाच अर्ध्या वाटेतून माघारी वळला असेल, असे ती सगळ्यांसमोर बोलली. पांडूने मान खाली घालून बैल गोठ्यात बांधला. घरजावयाने काय बोलावे? त्याला खोटा पाडायचा म्हणून तिने मला ते पहिले पत्र लिहायला लावले. पारवा पोचला का, असे मुद्दाम विचारले. "नाही, इथे कोणी आलेच नाही" असे तुझे उत्तर येईल, मग पांडूला पडवीत उभा करायचा, असे तिच्या मनात होते. तुझे उत्तर आले की पोचला.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी रंगूबाईच्या दारात जाऊन पांडूला म्हणाली की मी तुला खोटा म्हटले, माझे चुकले. तो म्हणाला, असू द्या मावशी. मग तिने तुला वाघाची गोष्ट लिहायला सांगितली. मला वाटले होते, एवढ्यावरून तुला कळेल.

या दोन्ही पत्रांत लेखणी माझी होती. गोठ्यात बैल आहे हे जाणून मी "पोचला का" असे लिहिले. त्याची लाज मलाही आहे. म्हणून माझे एक सांगतो. ते आजवर इथे कोणाला सांगितलेले नाही.

बसऱ्याकडे मी फौजेच्या खेचरांवर होतो. माझ्याकडे चार खेचरे होती. एका माघारीच्या वेळी हुकूम झाला की चालू न शकणारी मारून पुढे जा. माझ्यातले एक बसले होते. माझ्या हातात बंदूक दिली. मला बघवेना, म्हणून मी डोळे मिटून गोळी झाडली. ती जबड्याला लागली. दुसऱ्याने पुढे होऊन दुसरी गोळी घातली. त्या दोन गोळ्यांच्या मधला जो वेळ होता, तो माझ्या डोळे मिटण्याने झाला. परत आल्यापासून मी जनावराजवळ गेलो नाही. लोक समजतात, मला दया फार.

पांडू पारव्याला घेऊन परत आला, तेव्हा किडे हाडापर्यंत गेले होते. महाडचे दार लागलेले. आवडीने माझ्याकडे पाहिले. मी गोठ्यात गेलो; उंबऱ्याला पाय लावत नाही असे तुला लिहिले, तेव्हा ते खरे उरले नव्हते. पहिल्या दिवशी पांडूने कंदील धरावा तसे माझे मनगट धरून ठेवले. आता खांद्यावर खपली धरली आहे.

मोरूने आणलेले दावे आवडीने हातात घेतले, फिरवून पाहिले, वास घेतला. "नवा वाख हाय," एवढेच म्हणाली आणि खुंटीला अडकवून ठेवले.

पुढे काय लिहायचे ते तू ठरव.

सोनबा


महाड, ता. २४ एप्रिल १९३४

तीर्थस्वरूप आवडीआक्कास,

हे पत्र पडवीत सगळ्यांसमोर वाचावे. पांडूला पुढे बसवावे. तो येत नसेल तर त्याच्या दारात जाऊन वाचावे.

ती सोळा फेब्रुवारीची दुपार होती. मी कडी लावून बसलो होतो. झोपलो नव्हतो. दारावर थाप पडली आणि कोणी विचारले, "मुरारीदादा हायेत का? लांबून आलोय, बैल हाय." इथे येणारा प्रत्येक जण माझे नाव घेऊनच येतो. दाराच्या फटीतून मला बैलाचे खूर दिसत होते. मान वाकवली असती तर बैल दिसला असता, आणि दावे दिसले असते तर मी ते ओळखले असते. मी मान वाकवली नाही. म्हणालो, "मुरारी गावाला गेलाय. जागा नाही. पुढे न्या." तो म्हणाला, "पुढं कुठं?" तो बराच वेळ उभा होता. मग खूर गेले.

त्या सकाळी माझ्या हातून दोन जनावरे गेली होती. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. दर आठवड्याला जातात. त्या दिवसाआधीही मी पुष्कळांना असेच दाराआडून परत लावले होते. ते कोणाचे होते, त्यांचे काय झाले, मला माहीत नाही. पारव्याचे तेवढे मला कळले.

तुझे पत्र आले आणि ते खूर कोणाचे होते हे माझ्या लक्षात आले. मी त्याच दुपारी निघालो. बिरवाडीचा बाजार, नदीकाठ, पोलादपूरचा गाडीतळ, सगळीकडे विचारले. बैल मिळेल, मग आक्काला सांगू, असे म्हणून "पोचला" लिहिले. बैल मिळाला नाही. तुझ्या प्रत्येक प्रश्नाला एकेक खोटे वाढत गेले. शेवटी ते संपवावे म्हणून मी पारव्याला मारला. ते पत्र लिहिताना मी रडलो, आक्का. खऱ्या जनावरांसाठी वर्षभरात रडलो नव्हतो. याची मला सगळ्यांत जास्त किळस येते. दावे बाजारातून घेतले, शेणात घोळून उन्हात टाकले.

आता पांडूचे. दारातून परत गेलेले जनावर घरी गेले असे मी दोन वर्षांत ऐकलेले नाही. लोक ते नदीवर सोडतात नाहीतर मिळेल त्याला विकतात. पांडूनेही तेच केले असणार असे मी धरून चाललो. माणूस दुखऱ्या बैलाला घेऊन, त्याच्या चालीने चालत, सगळा चढ परत चढून जाईल, हे माझ्या मनातही आले नाही. मी दयेचे काम करतो आणि माझ्या मनाची अशी गत झाली आहे. बिरवाडीला तीन दुकानांत मी सांगितले की कुडपणच्या रंगूबाईच्या जावयाने माझ्या बहिणीचा बैल परस्पर विकला. रविवारी त्याच तीन दुकानांत जाऊन खरे काय ते सांगून आलो. एका दुकानात दहाएक माणसे बसली होती. एक जण म्हणाला, अरे, पांजरपोळवाला तो तूच ना? मी हो म्हणालो.

पांडू, तुला पाणीही विचारले नाही असे मी लिहिले होते. तेवढे एक वाक्य त्या पत्रात खरे होते.

आक्का, हे काम सोडावे असे मनात येते. मंडळींना अजून बोललो नाही. तू सांगशील तसे करीन. तुला तोंड कसे दाखवू ते मला कळत नाही.

मुरारी


कुडपण, ता. ८ मे १९३४

आवडी सांगते. आज ती दोनदा उठून गेली आणि दोनदा परत आली. सोनबा.

मुरारी, पत्र पडवीत वाचलं. पांडू पुढं बसला व्हता. ऐकून झाल्यावर म्हणाला, मला वाटलंच व्हतं आतला माणूस जवळचा हाय, लांबच्या माणसाचा आवाज असा कापत नाय. मग रंगूबाई म्हणाली, एवढं कळलं व्हतं तर तेव्हाच का नाय बोललास? तो म्हणाला, माझं ऐकतंय कोण. ते मला लागलं.

तुझं मला वाईट वाटलं. रागपण आला. उशीर झाला तर येतो म्हणून सांगितलं व्हतं. नवं दावं आणून शेणात घोळवलंस, उन्हात वाळवलंस. अरे, एवढ्या मेहनतीत शंभर वेळा दार उघडून झालं असतं.

काम सोडू नको. तू सोडलंस तर तुझ्या जागी कडी लावणारा दुसरा येईल. जागा नसली तर नाय म्हण. नाय म्हणायला मी तुला कधी बंदी केली? माझ्या घरात पण दहा माणसं आली तर दहाजणांना भाकरी पुरत नाय. पण मी चुलीपाशी लपून बसत नाय. बाहेर येऊन सांगते.

तू धाडलेलं दावं मी पारव्याच्या गळ्यात घातलं. वाख चांगला हाय, फुकट कशाला घालवायचा? त्याचं जुनं दावं पांडूच्या हाती तुला धाडते. माझ्या सासूनं मला सांगितलं व्हतं, गळ्यातलं दावं घराबाहेर कुणाला देऊ नको, लक्ष्मी जाते. जाऊ दे गेली तर. तू ती कडी काढून टाक आणि दार या दाव्यानं बांध. मी देते ती गाठ तुला ठाऊक हाय, ती बघितल्याशिवाय सुटत नाय.

पांडूला जेवायला घाल. पाणी त्याच्या आधी विचार.

आवडी

ता. क. मी आता रोज गोठ्यात जातो. त्यात मोठे काही नाही. सोनबा.


महाड, ता. २३ मे १९३४

तीर्थस्वरूप आवडीआक्कास मुरारीचा नमस्कार. सोनबाकाकांस नमस्कार.

पांडू दोन दिवस राहून कालच निघाला. मी पाणी घेऊन बाहेर गेलो तर तो दारापासून लांब, रस्त्यापलीकडे उभा होता. हाक मारल्यावर आला. आधी पाणी प्यायला. जाताना कडीचे खिळे त्यानेच उपटून दिले. लाकडावर चार भोके राहिली आहेत, ती मी बुजवलेली नाहीत.

शिमगा झाला, पालखी झाली, आता मी कोणत्या निमित्ताने येऊ असे वाटते. पावसाळ्याआधी एक दिवस येईन. पारव्यासमोर उभे राहायचे आहे. तो मला ओळखेल की नाही हे आता मी लिहिणार नाही.

आज दुपारी एक म्हातारा गाय घेऊन आला. मी आत होतो. दावे बांधलेले होते. त्याने थाप मारली आणि विचारले, "मुरारी भेटंल का?" तुझी गाठ सोडायला मला वेळ लागला. तोपर्यंत तो तिथेच उभा होता आणि गाईचे पाय मला दिसत होते. दार उघडले. गाय आंधळी होती. मी तिच्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. जागा खरोखर नव्हती.

मी म्हणालो, "मीच मुरारी. जागा नाही, बाबा."

तुझा
मुरारी